जुन्या लुगड्याचा बाळंतविडा

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली की घरात दिवस मोजायला सुरुवात होते. डिंक येतो, अळीव येतात, आणि मग कोणीतरी म्हणते, "बाळाला काही घ्यायला नको का?" घरचा माणूस तालुक्याला जातो आणि चकचकीत डबा घेऊन येतो. आत गुळगुळीत झबले, जाळीची टोपी, तिला लांब फिती. दिसायला झोकदार, पण कापड पुष्कळदा कृत्रिम धाग्याचे असते. त्यात घाम जिरत नाही. बाळाला घामोळे येते, ते रडते, आणि आपण म्हणतो दृष्ट लागली!

बाळंतविडा म्हणजे बाळाची झबली, टोपडी, कुंची, दुपटी आणि लंगोट. यातले बरेचसे आपल्याकडे घरीच शिवले जाई, तेही जुन्या लुगड्याचे. ही काही निव्वळ काटकसर नव्हे. नव्या कापडाला खळ असते, ते टोचते. शंभरदा धुतलेले सुती लुगडे लोण्यासारखे मऊ होते आणि ओल टिपून घेते. नवजात बाळाची कातडी फार नाजूक, तिला हेच मानवते.

तेव्हा आधी पेटी उघडा. आजीचे नऊवारी असेल, आईची सुती साडी असेल. मात्र कात्री लावण्याआधी जिचे लुगडे तिला विचारा. एखादे लुगडे तिने कशासाठी जपले असेल ते तिलाच ठाऊक. तिने आपल्या हाताने काढून दिले, तर बाळाला पणजीची ऊब मिळते आणि म्हातारीलाही वाटते, आपण अजून घराच्या उपयोगी आहोत.

कापड सुती आहे की नाही, याची शंका असेल तर दोन-तीन धागे ओढून काढा, चिमट्यात धरा आणि कापडापासून दूर नेऊन पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याची कडक गोळी होते. ते कापड बाळासाठी नको, पिशवीला ठेवा.

जुने म्हणजे मळके नव्हे, बरे का! साबण लावून गरम पाण्यात धुवा, खळखळून काढा आणि कडक उन्हात वाळवा. मग उजेडापुढे धरा. जिथून उजेड आरपार दिसतो तो भाग विरलेला, तो काढून टाका.

आता दुपटे. एक वार लांब आणि एक वार रुंद, म्हणजे प्रत्येक बाजू 3 फुटांची, असे तीन चौकोन कापा. लुगड्याचा पन्हा वारापेक्षा मोठा असतो, म्हणून कडेला पट्टी उरते. ती टाकू नका, तिचे बंद होतील. तिन्ही चौकोन एकावर एक पसरा, सुरकुत्या हाताने काढा आणि मधून कडेकडे कच्चे टाके घाला. कडेपासून सुरुवात केलीत तर मध्ये फुगा येतो. मग कडा आत दुमडून शिवा आणि दोन-दोन बोटांच्या अंतराने धावदोऱ्याच्या ओळी घाला. शेवटी कच्चा दोरा ओढून काढला की दुपटे तयार.

झबले त्याहून सोपे. 10 इंच रुंद आणि 24 इंच लांब तुकडा घ्या आणि मधोमध दुमडा. घडीवर साडेतीन इंचांचा गळा कापा, तो पुढून थोडा खोल ठेवा. पुढचा पदर गळ्यापासून खालपर्यंत सरळ उघडा कापा. दोन्ही बाजू खालून 8 इंच शिवा. वर 4 इंच उरतात, तेथून हात निघतील. शिवण बाहेरच्या बाजूला राहू द्या, आत रुतली तर बाळाला बोलता येत नाही. बंद छातीवर आणि पोटावर लावा, गळ्याशी नको. ते गाठ बसेल इतकेच ठेवा, 4 इंच पुरे. बटण, टिकली, मणी, टाचणी यांतले काहीही नको, कारण हाती येईल ते मूल तोंडात घालते.

दुपटे वापरताना एवढे सांभाळा. बाळाला गुंडाळावे, पण पाय हलतील इतके सैल. घट्ट आवळून पाय सरळ बांधले तर खुब्याच्या सांध्याला अपाय होतो. झोपलेल्या बाळाच्या तोंडावर पांघरूण कधीही घेऊ नका. जाड गोधडी किंवा वाकळ मोठ्यांसाठी असू द्या. दवाखान्यात जाताना दोन धुतलेली दुपटी पिशवीत ठेवा. जन्मल्याबरोबर बाळाला कोरडे पुसून आईच्या छातीशी धरायचे, त्या वेळी ती लगेच कामी येतात.

बाळ येण्याआधी शिवू नये, असे काही घरांत मानतात. थोरांशी वाद घालू नका. कापड धुऊन, कापून घडी करून ठेवा. टाका मागून घाला, बारशापर्यंत वेळ असतो.

आता गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. शाळेत कार्यानुभवाचा तास असतोच. हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे हा विचार महात्मा गांधींनी 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत मांडला. तो आपल्या वर्गात आणायला एक सुई, एक दोरा आणि वीतभर चिंधी पुरे. 5 वारांच्या साडीतून 3 वार दुपट्याला गेले तर उरले किती, त्यात झबली किती बसतील, हे गणित मुले फळ्यावर सोडवण्याआधी कापडावर सोडवतील. आणि हे काम मुलींपुरते ठेवू नका. गावचा शिंपी बहुधा पुरुषच असतो, त्याला कोणी हसत नाही. मग मुलाने धाकट्या भावंडासाठी लंगोट शिवला तर हसावे कशाला?

सातव्या महिन्यात काम हाती घ्या आणि रोज दोन ओळी धावदोरा घाला. उठताना सुया मोजा. चार काढल्या असतील तर चार डबीत गेल्या पाहिजेत. काम पुरे झाले की दोन्ही बाजूंनी तळहात फिरवून पाहा, गाठ किंवा काटा लागत नाही ना. मग पुन्हा एकदा धुवा, उन्हात घाला आणि घडी करून लेकीच्या हाती द्या.