सदरा घालताना आधी लुळा हात

मघापासून विंगेत कुजबुजणारी मंडळी,

गॅदरिंगच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘करिअर मार्गदर्शन’ छापलंय. करते. पण आधी एक आठवण. मी या शाळेत होते तेव्हा गॅदरिंग पटांगणात, मांडवात व्हायचं. नाटकात मी आजी झाले होते. कमरेत वाकून चालले, तर शिवणाच्या बाई पडद्याआडून ओरडल्या, ‘अगं, गुडघे दुखतात तिचे, कंबर नाही!’ बाई पुढेच बसल्यात. बाई, ते निरीक्षण पुढे माझ्या पोटापाण्याला आलं बरं का.

मी न्यू जर्सीत सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट आहे. इथं आळीत मला कुणी नर्स म्हणतं, कुणी थेट डॉक्टरीण. दोन्ही नाही. इंजेक्शन टोचणं माझ्याकडे नाही. अमेरिकेत १९८७ च्या कायद्यानं नर्सिंग होममधल्या या कामाला किमान ७५ तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. पगार नर्सपेक्षा बराच कमी, आणि पाठ कामातून जाते. झालं मार्गदर्शन.

काम म्हणजे अंघोळ, कपडे, भरवणं, बेडपॅन. अंथरुणाला खिळलेल्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. अर्धांगवायू झालेल्याला सदरा घालताना आधी लुळा हात, काढताना आधी धडधाकट. कवळी धुताना बेसिनमध्ये टॉवेल अंथरायचा; हातातून निसटली तरी फुटत नाही.

यातलं काय तुम्हाला जमणार नाही? म्हणून सांगते, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं एक काम रोज स्वतःच्या हातानं करा. वाढदिवसाला आजीचा फोटो स्टेटसला ठेवणं हे काम नव्हे. मुलग्यांनो, ‘ते आई बघते’ हे उत्तर चालणार नाही. दहावीचं वर्ष आहे म्हणूनही सुटका नाही, कवळी धुवायला पाच मिनिटं लागतात. आजोबांची नखं काढा; मात्र मधुमेह असेल तर पायाच्या नखांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि पहिल्या रांगेतले पालक, तुम्ही हसू नका. मुलांना क्लासला सोडायला वेळ असतो, तो आजोबांना फिरवून आणायलाही काढता येतो. पुन्हा सांगते, रोज. दिवाळीपुरतं नाही.

अध्यक्ष घड्याळ बघताहेत, बक्षिसं राहिलीत. पहिलं शिवणाच्या बाईंच्या हस्ते द्या, अशी माझी विनंती आहे. अरे अरे, स्वयंसेवक, बाईंना दंडाला धरून ओढू नकोस! खांदा निखळेल. बाजूला उभा राहा, कमरेमागे हात ठेव. बाई, पाय जरा मागे घ्या, पुढे झुका… हां. उठू दे त्यांना त्यांच्या त्यांच्या.