दुखणं ओटीपोटात, खळबळ मज्जातंतूंत

पाळी संपून आठवडा झाला, तरी गरम पाण्याची पिशवी पोटावरून हलत नाही. असं का होतं?

याचं एक कारण म्हणजे एंडोमेट्रिओसिस. त्यात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, अंडाशयावर, आतड्याजवळ वाढतात. गंमत म्हणजे (गंमत कसली!) तिथं नवे मज्जातंतूही फुटतात आणि सूज त्यांना सतत डिवचत राहते. वर्षानुवर्षं हे चाललं की मज्जारज्जू आणि मेंदूच हळवे होतात. मग मूत्राशय नुसतं भरलं तरी कळ येते. म्हणूनच दुर्बिणीतून इवलासा डाग दिसलेली बाई कळवळते, तर मोठी गाठ असलेली एखादी निवांत असते. तेव्हा 'एवढंसं तर आहे' असं कुणाला ऐकवू नका.

उपचारांत डायनोजेस्टसारखी संप्रेरकं असतात, दुर्बिणीची शस्त्रक्रिया असते. तरीही दुखलं तर डॉक्टर कधी कमी मात्रेत अमिट्रिप्टिलिन देतात. गोळी मूळची नैराश्यावरची, पण इथं ती मज्जातंतूंसाठी असते. चिठ्ठी पाहून दचकू नका. शिवाय सतत दुखून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळलेले असतात. ते सैल कसे सोडायचे, हे फिजिओथेरपिस्ट शिकवतात, लांब श्वास सोडता सोडता.