भीमेच्या दोन्ही काठांची एक यादी

शिरूर आणि दौंडच्या डॉक्टर बंधू-भगिनींनो, आरोग्यसेविकांनो आणि आशाताईंनो,

अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. खांद्यावर शाल आहे तोवरच एक मागणी मांडून घेतो.

भीमा ही आपल्या दोन तालुक्यांची शीव. रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा तिला मिळते, ती पुण्याचं सांडपाणी घेऊनच. तिथून खाली जलपर्णी दोन्ही काठांना, डासही दोन्ही काठांना. (डेंग्यूचा डास मात्र नदीतला नव्हे, घरातल्या उघड्या टाकीतला, हे सांगून आशाताईंचा घसा बसलाय.) साथीची नोंद मात्र आपण ज्याची त्यानं ठेवतो. ती वर जिल्ह्याला जाते, शेजाऱ्याला कळायला वर्तमानपत्र यावं लागतं. जुलै २०२१ मध्ये बेलसरला तापाचे रुग्ण वाढले, नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत गेले आणि राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण तिथं सापडला. बेलसर पुरंदरमधलं, आणि पुरंदर दौंडला लागून.

माझी खरी काळजी ऊसतोडीच्या टोळ्यांची. दिवाळीच्या आसपास बीड, अहिल्यानगरहून त्या येतात. आज कोप्या शिरूरच्या फडाशेजारी, पंधरवड्यानं नदीपलीकडे. क्षयाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा, गळीत हंगामही जवळपास तेवढाच. गोळ्या गावाकडे सुरू झाल्या, इथं आल्यावर तुटल्या, आणि पट्टा पडला की माणूस निघून गेला. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. तेवढ्यात त्या बाळानं किती तालुके पाहिले हे कार्डावरून कळावं, तर कार्ड गावाकडच्या पेटीत! दौंडच्या गुऱ्हाळांवरचे आणि कारेगावच्या खोल्यांतले परप्रांतीय कामगार यांचंही तेच.

हे आपल्याला जमणार नाही, असं कुणी म्हणू नये. वढू बुद्रुक शिरूर तालुक्यातलंच. १९७२ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजींनी तिथं काम सुरू केलं आणि गावातल्याच माणसांना आरोग्याच्या कामात तयार केलं. २००२ पासून शिरूर आणि हवेलीतल्या २२ गावांत जन्म, मृत्यू आणि कोण आलं, कोण गेलं याची घरोघरी नोंद सुरू झाली. तालुक्याची शीव तिथं आडवी आली नाही.

१८९७ मध्ये मुंबईच्या प्लेगच्या धास्तीनं युरोपातली राष्ट्रं व्हेनिसला परिषदेसाठी जमली आणि साथीची खबर एकमेकांना द्यायचं त्यांनी ठरवलं. त्यांचा एकमेकांवर कितपत विश्वास होता, ते पुढच्या महायुद्धात दिसलं. आपल्यात तर सोयरिकी आहेत.

तेव्हा मागणी अशी. हंगामाआधी दोन्ही तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी कारखान्यांकडून मुकादमांची नावं आणि फोन घेऊन एकच यादी करावी. टोळी नदी ओलांडणार असेल, तर अलीकडच्या आशाताईनं पलीकडच्या आशाताईला त्याच दिवशी कळवावं: गरोदर बाई किती, लशीची बाळं किती, गोळ्या कुणाच्या चालू आहेत. आणि या कामाचा वेगळा मोबदला त्यांना मिळावा. फुकटात करून घेतलेलं काम संक्रांतीपर्यंतही टिकत नाही.

तुमच्या हातातल्या ठरावाच्या मसुद्यात ‘समन्वय’ हा शब्द भरपूर आहे, मुकादम कुठेच नाही. दुपारच्या सत्रात ती दुरुस्ती मी मांडणार आहे. अनुमोदन दौंडकरांनी द्यावं.