अपस्माराचे पातळ औषध : मात्रा आणि दक्षता



फेफरे, आकडी, मिरगी अशा नावांनी ओळखला जाणारा अपस्मार हा मेंदूचा विकार आहे. योग्य औषधोपचाराने दहापैकी सुमारे सात रुग्णांचे झटके थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. कांदा किंवा चप्पल हुंगविण्याची प्रथा मात्र सुशिक्षित घरांतूनही अद्याप हटलेली नाही.

गोळी गिळू न शकणाऱ्या बालकांना पातळ औषध द्यावे लागते. तयार बाटली उपलब्ध नसल्यास डॉक्टरांच्या लेखी सूचनेवरून औषधनिर्माता गोळ्यांपासून ते बनवितो. घरी गोळी कुटून साखरपाण्यात कालविणे हा त्याला पर्याय नव्हे. काही गोळ्या सावकाश विरघळण्यासाठीच बनविलेल्या असतात. त्या कुटल्यास बरेचसे औषध एकदमच रक्तात उतरते.

फेनिटॉइनचे पातळ औषध पाण्यात पूर्ण विरघळत नाही, ते तळाशी बसते. बाटली नीट न हलविल्यास प्रारंभीच्या मात्रा कमजोर ठरतात व झटके येतात. तळाच्या मात्रा तीव्र होऊन मुलाचा तोल जातो, डोळे थरथरतात, गुंगी येते. वर्गात पेंगणारे असे मूल आळशी ठरविण्यापूर्वी शिक्षकांनी पालकांकडे औषधाची चौकशी करावी. शिवाय 5 मिलिलिटरमध्ये 30 मिलिग्रॅम आणि 125 मिलिग्रॅम अशा दोन शक्तींचे हे औषध आढळते. ‘एक चमचा’ म्हटल्याने चौपटीहून अधिक फरक पडू शकतो. चिठ्ठीवर मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्ही लिहून घ्यावेत व औषध पोह्याच्या चमच्याने न देता मापाच्या पिचकारीने द्यावे.

औषध ज्या द्रवात कालवितात तोही शुद्ध हवा. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. म्हणून बनविलेल्या बाटलीवर शक्ती, तयार केल्याची व टाकून देण्याची तारीख असलीच पाहिजे. परिरक्षक नसलेले पाण्यातील मिश्रण शीतकपाटात ठेवूनही साधारणतः 14 दिवसांपलीकडे वापरू नये.

कोल्हापूर जिल्ह्यात खरी अडचण येथेच उभी राहते. ऑगस्ट 2019 व जुलै 2021 च्या महापुरात रस्ते बंद पडले, पुणे-बंगळूर महामार्गही पाण्याखाली गेला. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडच्या वाड्यांना पावसाळ्यात ही चिंता दरवर्षीचीच. औषध अचानक तुटल्यास झटक्यांची मालिका सुरू होऊ शकते. अल्पमुदतीचे मिश्रण साठविता येत नाही. यास्तव मे महिन्यातच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून, कारखान्यात तयार झालेली दीर्घ मुदतीची बाटली किंवा मुलाला चालेल असा अन्य प्रकार निश्चित करून घ्यावा. बदल झाल्यास नवी मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. झटका पाच मिनिटांहून अधिक लांबल्यास मुलास कुशीवर वळवून, तोंडात काहीही न घालता, 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. सोबत औषधाची बाटली आणि चिठ्ठीही द्यावी.