खांदा दुखतो, पण सांगायचे काय?

(म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात मराठी रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेले भाषण)



येथून के. आर. हॉस्पिटल जवळच आहे. या मोहल्ल्यातला मोठा रस्ता बडोद्याच्या सयाजीरावांच्या नावाचा. पण म्हणून दवाखान्यात मराठी चालते असे नाही. कन्नडात 'भुज' म्हणजे खांदा, आपल्याकडे भुजा म्हणजे अख्खा हात. 'भुज नोवु' एवढे दोन शब्द बोलून गप्प राहिलात, तर गोळ्या आणि मलम घेऊन परत याल. कन्नड येणारा सोबती बरोबर न्या.

इटलीतील डॉक्टर रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला विचारायच्या जुन्या प्रश्नांत त्यांनी एकाची भर घातली : तुमचा धंदा काय? तीनशे वर्षे उलटली, तरी गर्दीच्या ओ.पी.डी.त हा प्रश्न राहूनच जातो. विचारला नाही तर आपण होऊन सांगा. "रेल्वेत आहे" हे उत्तर नव्हे. बीटरने खडी ठोकता, की डोक्याच्या वर हात करून बोल्ट आवळता? टपालाची झोळी कोणत्या खांद्यावर, किती तास?

दुखणे झटक्याने आले की हळूहळू, हेही सांगा. त्या कुशीवर झोप येते का? हात पाठीमागे जातो का? मान वळवताच कळ येऊन बोटांपर्यंत मुंग्या येत असतील, तर दोष मानेतल्या नसेचा असू शकतो. जिना चढताना डावा खांदा दुखतो, छातीत दाब येतो, घाम सुटतो, अशा वेळी ओ.पी.डी.ची रांग धरू नका, थेट कॅज्युअल्टीत जा. ताप, घटलेले वजन, पूर्वीचा कॅन्सर हेही सांगायचे.

साखर लपवणारे आपल्यात पुष्कळ. मेडिकल कॅटेगरी खाली जाईल ही भीती. पण मधुमेह्यांचा खांदा आखडतो जास्त, आणि ते न कळता उपचार चुकतो. नोकरीत असताना अपंगत्व आलेच, तरी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २० आहे. त्यानुसार सरकारी आस्थापनेला नोकरीवरून काढता येत नाही, हुद्दा कमी करता येत नाही. जमेल अशी जागा त्याच वेतनश्रेणीत द्यावी लागते.

इजा ड्युटीवर झाली असेल, तर त्याच दिवशी सुपरवायझरला लेखी कळवा. तारीख, वेळ, काम आणि साक्षीदार डॉक्टरांच्या कागदावर आले की नाही, ते तिथेच वाचून घ्या. रजा व भरपाईच्या वेळी प्रशासन आधी तोच कागद मागते. त्याची झेरॉक्स घरी ठेवा.