धीराची आशा



ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते शिक्षक होते. शिक्षकाचे आयुष्य ही एक दीर्घ प्रतीक्षाच असते. पेरलेले केव्हा उगवेल हे त्याला ठाऊक नसते आणि पुष्कळदा उगवलेले पाहण्यास तो उरतही नाही. म्हणूनच ख्रिस्ती धर्मविचारातील ‘धीराची आशा’ हा विषय मी आज निवडला आहे.

जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत ‘काव्हा’ असे एक क्रियापद आहे. वाट पाहणे आणि आशा बाळगणे हे दोन्ही अर्थ त्यात एकत्र नांदतात. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात हाच धागा पुढे नेला आहे. जे डोळ्यांना दिसते त्याची आशा करावी लागत नाही, असे तो सांगतो, आणि सृष्टीच्या प्रतीक्षेला प्रसूतिवेदनांची उपमा देतो. वेदना आहेत, पण त्या वांझ नाहीत, हा त्यातील मर्मार्थ. लूकच्या शुभवर्तमानातील शिमोन आयुष्यभर तारणाऱ्याची वाट पाहतो. अखेर मंदिरात त्याच्या हाती येते ते एक तान्हे बालक. फळ नव्हे, केवळ अंकुर. तरीही तो कृतार्थ होतो.

ही आशा व्यवहारात कशी टिकते, याचे एक उदाहरण आपल्या भाषेशी निगडित आहे. विल्यम कॅरी १७९३ साली बंगालमध्ये आले. १७९४ साली त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला. सात वर्षे त्यांच्या उपदेशाला दृश्य फळ आले नाही. २८ डिसेंबर १८०० रोजी सेरामपूर येथे कृष्ण पाल नावाच्या सुताराचा बाप्तिस्मा झाला, तो पहिला. मधल्या काळात कॅरी हातावर हात ठेवून बसले नव्हते. ते भाषा शिकत होते, भाषांतर करीत होते. पुढे फोर्ट विल्यम महाविद्यालयात मराठीचे अध्यापन करताना त्यांनी रचलेले मराठी व्याकरण १८०५ साली प्रसिद्ध झाले. ११ मार्च १८१२ रोजी सेरामपूरच्या छापखान्याला आग लागली. हस्तलिखिते, कागद, टाइप, सारे भस्मसात झाले. वितळलेल्या धातूचेच नवे टाइप ओतून काम पुन्हा सुरू झाले. प्रतीक्षा म्हणजे आळस नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

परंतु एवढ्यावर थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. कॅरींची पत्नी डोरोथी प्रथम या प्रवासास राजीच नव्हती. पीटरच्या मृत्यूनंतर तिचे मन ढासळले, ते सावरले नाही. १८०७ साली ती वारली. पतीच्या आशेचे मोल तिने भरले आणि तिला व्याकरण मिळाले नाही, कृष्ण पालही मिळाला नाही. दुसऱ्याच्या दुःखाला ‘धीर धर’ एवढे म्हणून मोकळे होणे सोपे असते. स्वतःच्या आशेसाठी इतरांना किती वाट पाहावयास लावावी, हा प्रश्न प्रत्येक ध्येयवादी माणसाने स्वतःस विचारला पाहिजे.

ख्रिस्ती धर्मग्रंथ या प्रश्नापासून पळ काढीत नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात अशा श्रद्धावंतांची यादी आहे की, ज्यांना वचनाची पूर्ती पाहावयास न मिळताच मरण आले. त्यांची प्रतीक्षा व्यर्थ गेली असे तो ग्रंथ म्हणत नाही, आणि ती सुखाची होती असेही म्हणत नाही. नाताळापूर्वीचे चार रविवार चर्चमध्ये जो आगमनकाळ पाळतात, त्यात याच अपुऱ्या प्रतीक्षेची आठवण असते. तेव्हा धीर म्हणजे सोसणाऱ्याला दिलेला उपदेश नव्हे, तर त्याच्या शेजारी बसून राहण्याची तयारी होय.

मित्रहो, या शाळेतून बाहेर पडलेल्यांपैकी कित्येकजण आज कोणा आजाऱ्याची, कोणा दुरावलेल्या मुलाची, एखाद्या न्यायाची वाट पाहत असतील. त्यांना उत्तर देण्याचा माझा अधिकार नाही. त्यांच्याजवळ बसणारे कोणी असावे आणि हातातले काम सुटू नये, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.