कवडीचें मोल



एखादी वस्तु अगदीं स्वस्त झाली म्हणजे ती 'कवडीमोल' झाली असें आपण म्हणतों. पैशाला जिवापाड जपणाऱ्यास 'कवडीचुंबक' म्हणतों. आणि जवळ कांहींच नसलें म्हणजे 'फुटकी कवडीहि नाहीं' असें सांगतों. या तिन्ही बोलांत कवडी क्षुद्र ठरली आहे. परंतु तिन्हींत ती पैसाच आहे. हा पैसा टांकसाळींत पडत नसे. गोगलगायीच्या वर्गांतील एक लहानसा सागरी प्राणी तो घडवीत असे.

हिंदी व पॅसिफिक महासागरांत, प्रवाळखडकांवरील उथळ पाण्यांत हा प्राणी राहतो. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीयस यानें १७५८ सालीं त्यास 'मोनेटा' हें नांव दिलें. लॅटिन भाषेंत त्याचा अर्थ नाणें. जिवंतपणीं हा प्राणी आपली मऊ त्वचा दोन्ही बाजूंनीं वर पसरून कवच झांकून घेतो. म्हणूनच कवडीची चकाकी टिकते. प्राणी प्रौढ झाला कीं कवचाची कड आंत वळते, तोंडाची अरुंद फट उरते व तिच्या कांठांवर दांते उमटतात. पुढें कवच लांबीनें वाढत नाहीं, जाड मात्र होतें. अशी कठीण, न कुजणारी, मोजण्यास सोपी व नक्कल करण्यास अवघड वस्तु नाण्याच्या कामीं यावी, यांत नवल नाहीं.

मालदीव बेटें हें कवड्यांचें मोठें आगर होतें. चवदाव्या शतकांत तेथें काजी म्हणून राहिलेला प्रवासी इब्न बतूता सांगतो, कीं लोक समुद्रांतून हे प्राणी आणून किनाऱ्यावरील खड्ड्यांत पुरीत. मांस कुजून गेलें म्हणजे पांढरी कवडी हातीं येई. ती बंगाल्यांत जाई व तिच्या बदल्यांत तांदूळ येई. बंगाल्यांत चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण आणि सोळा पणांचा काहण होई. अठराव्या शतकांत सिल्हेटचा सरकारी सारा कवड्यांतच भरला जाई व एका रुपयास ५,१२० कवड्या असा भाव असे.

याच कवड्या युरोपीय व्यापाऱ्यांनीं जहाजांच्या तळाशीं भार म्हणून भरून लंडन व ॲमस्टरडॅम येथें नेल्या. तेथून त्या पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेल्या, आणि त्या देऊन माणसें विकत घेण्यांत आलीं. मालदीवच्या कोळ्यानें खड्ड्यांतून उपसलेली कवडी कोठें जाऊन कोणाची किंमत ठरणार, हें त्यास ठाऊक असणें शक्य नव्हतें.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन व्यापाऱ्यांनीं झांजीबारकडील दुसऱ्या जातीच्या कवड्या जहाजें भरभरून आफ्रिकेंत ओतल्या. पुरवठा वाढला, भाव कोसळला; ज्यांनीं आयुष्यभराची पुंजी कवड्यांत सांठविली होती, ते दरिद्री झाले. कवडी होती तशीच होती; तिच्यावरचा लोकांचा विश्वास तेवढा उडाला होता.

तुळजापूरच्या भवानीचे आराधी आजहि गळ्यांत कवड्यांची माळ घालतात. त्या माळेचा भाव कोणी विचारीत नाहीं. कवडीस आपण क्षुद्र म्हणतों खरें. पण तिच्या मोबदल्यांत माणूस विकला गेला, तेव्हां क्षुद्र कोण ठरलें, याचा विचार आपणच करावा.